पाळण्यातले आबासाहेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात तीन तगडे उमेदवार एकमेकांसमोर उभे होते. बाबासाहेब अण्णासाहेब देशमुख, शहाजीबापू राजाराम पाटील आणि दीपकआबा बापूसाहेब साळुंखे. एकदा मोठ्यानं वाचून बघा. बाबा, अण्णा, बापू, आबा, पुन्हा बापू. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, ही उमेदवारांची यादी नव्हे, एकत्र कुटुंबाची पंगत बसलीय आणि आता आतून कुणीतरी ‘आबांना भाकरी वाढा गं’ म्हणणार. निकालात बाबांनी बापूंना हरवलं आणि आबांनाही हरवलं. एरवी एखाद्या घरात एवढं झालं असतं तर वाटण्या झाल्या असत्या. सांगोल्यात नुसता गुलाल उधळला गेला.

याच मतदारसंघातून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. ३० जुलै २०२१ ला ते गेले. सगळा जिल्हा त्यांना आबासाहेब म्हणायचा, पण ते लोकांच्या तोंडचं नाव. कागदावर ते शेवटपर्यंत गणपतराव राहिले. ‘आबासाहेब’ ही पदवी त्यांनी शेतकऱ्याच्या प्रश्नांवर भांडून आणि एस.टी.नं प्रवास करून कमावली होती. त्यांच्या नातवाच्या पिढीत असलं नाव थेट कागदावर आलं. निवडून आलेले बाबासाहेब हे त्याचंच उदाहरण. आधी माणूस मोठा व्हायचा आणि मग लोक त्याला आबा, बापू, अण्णा म्हणायचे. आमच्याकडं हा मधला खटाटोप केव्हाच बंद झाला. बारशालाच साहेब करून टाकायचं, पुढचं त्याचं त्यानं बघावं.

माढा, करमाळा, मोहोळ, बार्शी, कुठल्याही तालुक्यातल्या शाळेचं जुनं हजेरीपुस्तक उघडा. दादासाहेब, भाऊसाहेब, नानासाहेब, तात्यासाहेब, काकासाहेब. वय वर्षं सहा. नाक पुसायला बाही. मास्तर ‘तात्यासाहेब’ म्हणून पुकारतात आणि शेवटच्या रांगेतून ‘हजर’ असा चिमणा आवाज येतो. बापूसाहेबांनी पाढे पाठ केलेले नाहीत म्हणून बापूसाहेब अंगठे धरून उभे आहेत. भाऊसाहेब आणि नानासाहेब यांची मधल्या सुट्टीत गोट्यांवरून मारामारी झाली, तिचं नुसतं वृत्त ऐकलं तर पेशवाईत काहीतरी बिनसलंय असं वाटावं.

घरात तर जास्तच पंचाईत. आबासाहेबांना दात येतायत. आबासाहेब रांगत रांगत उंबऱ्यापाशी गेले आणि पाहुण्यांची चप्पल चावून आले. आबासाहेबांनी रात्री चादर ओली केली, आणि सोलापुरी चादर एकदा ओली झाली की वाळायला दोन दिवस खाते. आता बोलताना क्रियापद कुठलं लावायचं? ‘आला’ की ‘आले’? आमच्या शेजारच्या वहिनींनी यावर तोडगा काढलाय. त्या म्हणतात, ‘आबासाहेब, गप बस की रे मेल्या.’ नावाला मान आणि क्रियापदाला धपाटा.

हा मान टिकतोही फक्त घराच्या उंबऱ्यापर्यंत. सोलापुरात मित्र नावाची एक जमात आहे आणि ती कुणाचंही नाव पाच मिनिटांत उतरवून ठेवते. ‘काय करलालास बे आब्या?’ झालं. साहेब गेले, आबाही गेले. दादासाहेबांचा दाद्या होतो, तात्यासाहेबांचा नुसता तात्या, आणि भाऊसाहेबांचं काय करतात ते इथं छापण्यासारखं नाही. म्हणजे आईबापांनी मुलाला थेट साठीत नेऊन बसवलेलं असतं आणि मित्र त्याला ओढून परत चड्डीत आणतात. खरा साठीचा झाला की मग गावातली नवी पोरं त्याला आपोआप ‘आबा’ म्हणू लागतात. ते म्हणायला त्याच्या दाखल्याची कुणाला गरज नसते.

नुसत्या मराठी घरांना हसण्यात अर्थ नाही. आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच नळावर पाणी भरतात आणि नावांच्या बाबतीत चौघींचं चांगलं जमतं. कानडी घरात पोर जन्माला आलं की मल्लप्पा, सिद्धप्पा, इरप्पा. तेलुगू घरात नरसय्या, राजय्या. मुसलमान मोहल्ल्यात लालसाब, बाबासाब. अप्पा काय, अय्या काय, साब काय, सगळ्यांचा रोख एकच. पोर अजून मान धरत नाही, पण त्याला मान द्यायला सगळा वाडा तयार. आणि एवढं करून भागत नाही. कागदावर आधीच अय्या असलेल्या नरसय्या आडम यांना सगळं शहर ‘मास्तर’ म्हणतं. आमच्या दोन देशमुख आमदारांपैकी एक ‘मालक’ आणि एक ‘बापू’. सोलापूरकराला सरकारी नावावर समाधान नाही, मग ते सरकारी नाव कितीही घरगुती असो.

हे सगळं सुरू कुठून झालं? माझा संशय सुनांवर आहे. म्हणजे दोष त्यांचा नाही, शोध त्यांचा. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही जुनी रीत. आणि थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवायचं, हीसुद्धा जुनी रीत. दोन्ही रीती ज्यांनी घालून दिल्या, त्यांनी बहुधा कधी मूल सांभाळलं नसावं. पोरानं दुधाचं पातेलं उपडं केलं तर त्या बाईनं ओरडायचं काय? ‘विश्वनाथा, कार्ट्या’ म्हणावं तर ओसरीवर तंबाखू मळत बसलेले विश्वनाथराव दचकणार. मग ती म्हणायची, बाळ. नाही तर नाना, अप्पा, भाऊ, जे त्या क्षणी तोंडाला येईल ते. ओरडायची गरज दिवसातून पन्नासदा पडायची आणि खरं नाव वर्षातून एकदा, सत्यनारायणाच्या संकल्पाला. यातलं कुठलं टिकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या एका मुलाचं असंच झालं. घराण्यातल्या पूर्वजाचं म्हणून नाव ठेवलं केशव. घरात म्हणत बाळ. केशव हे नाव पुढं चरित्रकारांपुरतं उरलं आणि बाळ गंगाधर टिळक हे नाव जगभर गेलं. राजद्रोहाचा पहिला खटला १८९७ मध्ये, दुसरा १९०८ मध्ये, आणि दोन्ही वेळा न्यायालयाच्या कागदांवर एका बाजूला राजसत्ता आणि दुसऱ्या बाजूला बाळ. दुसऱ्या खेपेला न्यायमूर्ती दावर यांनी बाळाला सहा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि सरकारनं त्याला मंडालेला नेऊन ठेवलं. एवढं मोठं साम्राज्य आणि भ्यायचं कुणाला, तर बाळाला. इंग्रजांना हे मराठीतून कुणी वाचून दाखवलं नसावं, नाही तर आरोपपत्रात निदान ‘बाळासाहेब’ तरी लिहिलं असतं.

गंमत म्हणजे त्यांच्याही आधी आणखी एक बाळ गंगाधर होऊन गेले होते. बाळशास्त्री जांभेकर. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ त्यांनीच काढलं. म्हणजे मराठी पत्रकारिता सुरू केली एका बाळानं, तिला धार लावली दुसऱ्या बाळानं, आणि दोघांच्याही वडिलांचं नाव गंगाधर. पुढं मराठी कवितेला नवं वळण लावणारे मर्ढेकर, तेही बाळ सीताराम. ज्यांना वाटतं की लाडाच्या नावानं माणसाचं वजन कमी होतं, त्यांनी ही तीन नावं एका कागदावर लिहून भिंतीला लावावीत.

माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण मात्र मुंबईतलं आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं वस्तुसंग्रहालय. त्याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. १९७५ मध्ये ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं. योग्यच केलं, संग्रहालय उभं करण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पण या भाऊंचं खरं नाव रामचंद्र आणि त्यांच्या वडिलांचं विठ्ठल. भाऊ हे घरातलं, दाजी हेही घरातलं. तेव्हा हिशेब असा झाला, की इंग्लंडची राणी आणि तिचा नवरा या दोघांना उठवून त्यांच्या जागी आपण भाऊ आणि दाजी बसवले. वसाहतवादाला याहून घरगुती उत्तर कुणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

इकडं सोलापूर महापालिकेचं म्हणाल, तर तिची इंद्रभुवन ही नक्षीदार इमारत अप्पासाहेब वारदांनी बांधली. ज्या गावाचा कारभारच अप्पासाहेबांच्या घरातून चालतो, तिथल्या जन्मनोंदीत अप्पासाहेब सापडले तर नवल कसलं?

खेड्यापाड्यांत मात्र नोंद पालिकेची नव्हती, मास्तरांची होती. बाप पोराला शाळेत घेऊन यायचा. मास्तर विचारायचे, ‘नाव?’ बाप म्हणायचा, ‘बाळू.’ ‘अरे, पाळण्यातलं नाव सांग.’ बाप विचारात पडायचा. पाळण्यातलं नाव त्याच्या बहिणीनं ठेवलेलं, ती दिली मंगळवेढ्याला, आणि नाव घेऊनच गेलेली. मग मास्तर आपल्या मगदुराप्रमाणं निर्णय करायचे. कडक मास्तर असतील तर जे ऐकलं तेच लिहायचे, बाळू. मास्तर जरा हौशी असतील तर बाळासाहेब. ‘जन्मतारीख?’ यावर बाप म्हणायचा, ‘ज्या साली मोठा पूर आला ना, त्याच्या पुढल्या सालची पेरणी.’ मास्तर लिहायचे, १ जून. महाराष्ट्राची एक सबंध पिढी १ जूनला जन्मली आहे, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची आणि मास्तरांना सहा वर्षं पुरी करून द्यायची असायची. त्या पिढीचं नाव एका झटक्यात ठरलं, वाढदिवस दुसऱ्या झटक्यात, आणि दोन्ही निवृत्तीवेतनापर्यंत टिकले.

बायकांच्या बाबतीत एवढाही विचार व्हायचा नाही. जिल्ह्यातली कुठलीही मतदारयादी घ्या, पन्नाशी-साठीच्या पुढच्या बायकांत बेबी हमखास सापडते. बेबीबाई, बेबीताई, बेबीनंदा. नातवंडं खेळवणाऱ्या, गुडघ्यांना तेल चोळणाऱ्या, दोन सुनांना धाकात ठेवणाऱ्या बेबी. हे नाव कुठून आलं यावर माझा एक अंदाज आहे, त्याला पुरावा मागू नये. दवाखान्यात बाळंतपण झालं की पोराच्या मनगटाला चिठ्ठी बांधतात आणि तिच्यावर आईचं नाव घालून ‘बेबी ऑफ अमुक’ असं लिहितात. सोलापुरात डफरीन चौक आहे, तिथलं डफरीन हे बायकांचं जुनं इस्पितळ, व्हाइसरॉयच्या बायकोच्या नावाचं. मुलगा झाला तर घरचे लोक पत्रिका, नक्षत्र, अक्षर बघत धावपळ करायचे. मुलगी झाली की मनगटावर आहे तेच बरं दिसतंय, राहू दे. फुकट मिळालेलं नाव सोडवत नाही.

याहून वाईट नावंही होती, आणि ती लाडाची नव्हती. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये अशी धोंडू, दगडू, भिका, केरू ही नावं ठेवत. त्यात निदान मूल जगावं ही आस होती. ‘नकुशी’त तीही नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींची ‘नकुशी’ ही नावं एका समारंभात बदलली, आणि नवी नावं मुलींनी स्वतः निवडली. हाक मारायला सोपं म्हणून जे नाव एकदा कागदावर चढतं, ते बाई ऐंशी वर्षं वागवते, ही गोष्ट विनोदी लेखातही विसरू नये.

आता आजचं बघू. साहेब गेले, चिकू आले.

हल्लीच्या तरुण आईबापांचं म्हणणं असं, की आपण जी हाक मारतो तेच नाव का नसावं? दोन दोन नावं वागवायची कशाला? मूल पोटात असतानाच त्याला चिकू, परी, पिहू, गोलू असं काहीतरी म्हणत असतात. ते नाव सोनोग्राफीच्या फायलीवर जातं, मग व्हॉट्सॲपच्या गटावर, मग केकवर. बारसं होईपर्यंत ते इतकं रुळतं की दुसरं कुठलंही नाव परक्याचं वाटू लागतं. मग पालिकेच्या अर्जावर ‘बाळाचे नाव’ या रकान्यात चिकू. आत्या मधे पडते. आइसलंड नावाच्या देशात नवं नाव चालेल की नाही हे ठरवायला सरकारी समिती आहे म्हणे. आमच्याकडं ती समिती म्हणजे आत्या, आणि तिच्या निर्णयावर अपील नाही. पण हल्लीच्या आत्या पुण्याला आयटीत असतात. बारशाला व्हिडिओ कॉलवरून येतात आणि कानात ‘कुर्रर्र’ करायच्या वेळेला नेमका आवाज तुटतो. अशा समितीला कोण जुमानणार?

आजोबा मात्र झोपाळ्यावर बसून प्रश्न विचारतात आणि त्यांचे प्रश्न अगदीच टाकाऊ नसतात. ‘हा न्यायाधीश झाला तर? न्यायमूर्ती चिकू यांच्यापुढं सुनावणी?’ मुलगा म्हणतो, ‘अप्पा, अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर. खरं नाव जेम्स. १९७७ साली शपथ घेतली ती जिमी म्हणूनच.’ सून म्हणते, ‘आणि इंग्लंडच्या राजपुत्राच्या मुलीचं नाव लिलिबेट. २०२१ मध्ये ठेवलं. राणी एलिझाबेथला लहानपणी स्वतःचं नाव म्हणता यायचं नाही, ती लिलिबेट म्हणायची, तेच.’ अप्पा जरा वेळ झोका घेतात आणि म्हणतात, ‘त्यांच्यात राज्य आपसूक मिळतं. आपल्यात तलाठ्याची परीक्षा द्यावी लागते.’

या वादात अप्पांची बाजू मला अर्धीच पटते. चिकू नावाचा न्यायाधीश चालणार नाही असं म्हणणाऱ्यांनी बाळ नावाचा लोकमान्य आधीच चालवून घेतलाय. नावाला माणूस वजन देतो, हे कुणालाही ठाऊक आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ पासून चिंटूच आहे आणि शोभतोही, पण तो मोठा होत नाही, ही त्याची सोय आहे. आपल्या चिंटूला दाढी येते, त्याला घराचं कर्ज घ्यावं लागतं आणि बँकेचा माणूस फोनवर अत्यंत गंभीर आवाजात विचारतो, ‘मी चिंटू सरांशी बोलतोय का?’ तेही एक वेळ चालेल. बँकवाल्याचं हसू हप्ता चुकला की जातंच.

माझा आक्षेप वेगळा आहे. लाडाचं नाव कागदावर गेलं की ते लाडाचं राहत नाही. जे नाव फक्त आई, आजी आणि मावशी यांच्या ओठांवर होतं, ते आता टोल नाक्यावरचा, विमा विकणारा, वाहतूक पोलीस, शाळेतला दंड आकारणारा कारकून, सगळे घेतात. चोरट्यानं आपल्या आज्जीच्या हातचा लाडू खावा तसं वाटतं ते. आणि मग घर काय करतं? घर गप्प बसत नाही. घर दुसरं नाव काढतं. माझ्या बघण्यात असा एकही चिकू नाही ज्याला घरात चिकू म्हणतात. कागदावर चिकू, आणि घरात डुग्गू. कागदावर परी, घरात माऊ. आमच्या चाळीतला एक चिकू हात मागं बांधून, पोट पुढं काढून चालतो म्हणून त्याला सगळे ‘आजोबा’ म्हणतात. त्याचं वय तीन. म्हणजे आईबापांनी दोन नावांचा त्रास वाचवायला म्हणून जो उपाय केला, त्यातून दोनच नावं झाली, आणि त्यातलं चांगलं नाव सरकारजमा झालं.

कायदा या भानगडीकडं पूर्वी बऱ्यापैकी समजुतीनं बघायचा. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा म्हणतो, जन्म एकवीस दिवसांत कळवा, नावाची घाई नाही. वर्षभरात कळवलं तर फुकट, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव टाकता येतं. ज्यानं ही मुदत ठरवली, त्याच्या घरात नक्की दोन आत्या असणार. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मदाखल्याला भलताच भाव आला. त्यानंतर जन्मलेल्या पोराला शाळा, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सगळीकडं हाच दाखला लागणार. आता मधे मास्तर नाहीत. बाळूचा बाळासाहेब करणारं कुणी उरलं नाही. जे पहिल्या दिवशी लाडात लिहिलं, ते शेवटपर्यंत. बदलायचंच झालं तर राजपत्रात छापून आणा, की मी आजपर्यंत गोलू होतो, यापुढं गौरव. पूर्वी ‘उर्फ’ नावाचा एक उत्तम शब्द होता. सातबाऱ्यावर, खटल्यात, सोयरिकीत, कुठंही दोन नावं असली की मधे उर्फ टाकलं की भागायचं. संगणकाला उर्फ समजत नाही. त्याच्या लेखी गोलू आणि गौरव ही दोन माणसं, आणि त्यातला एक कुठंतरी फरार आहे.

त्यात १ मे २०२४ पासून महाराष्ट्र सरकारनं आणखी एक चांगली सुधारणा केली. मुलाच्या नावानंतर आईचं नाव, मग वडलांचं, मग आडनाव. हवंच होतं. फक्त आमच्या जिल्ह्यात तिचा परिणाम काय होतो ते बघा. आजी बेबी, तेव्हा तिच्या लाडक्या नातीचं नाव हौसेनं बेबी. ती सासरी आली. नवरा बाळासाहेब, पदरात दोन पोरं. थोरल्याचं नाव त्यांनी ठेवलं पिल्लू. मग दाखल्यावर येणार, ‘पिल्लू बेबी बाळासाहेब’, आणि पुढं आडनाव. खिडकीतला कारकून दोनदा वाचतो आणि विचारतो, ‘ताई, ह्यात मोठं माणूस कोण आहे?’

मोठी माणसं तशी सोलापुरात फ्लेक्सवर असतात. चौकाचौकात वाढदिवसाचे फलक बघा. मधे भावी नगरसेवक, आजूबाजूला शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं आणि खाली नावं: बंटीभाऊ, पिंटूशेठ, सोन्यादादा, पप्पूमालक. अख्ख्या फलकावर दाखल्यातलं नाव एकाचंही नसतं. पण हीच माणसं रात्री दोनला रक्ताची बाटली लागली तर धावून येतात. बंटीभाऊंचं खरं नाव सिद्धाराम आहे, हे त्यांच्या लग्नाच्या पत्रिकेवरून पहिल्यांदा कळलं आणि बरीच मंडळी चुकीच्या कार्यालयात आलो की काय म्हणून माघारी वळली.

पत्रिकेचा विषय निघालाच आहे तर एक खरी अडचण सांगतो. आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत सगळ्यांत खाली ‘किलबिल’ नावाची एक ओळ असते. वर निमंत्रक, प्रेषक, आशीर्वाद देणारे सगळे भारदस्त नावांनिशी, आणि खाली पोरांची लाडाची नावं: चिंटू, पिंकी, सोनू, गुड्डी, आणि पुढं, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ छापखानेवाल्याला ही ओळ विचारावी लागत नाही, तो नावं मागतो आणि टाकतो. आता आजची पोरं मोठी झाली की ही पत्रिका मांडायची कशी? मी एकदा करून बघितली. साल धरा २०८४.

निमंत्रक: श्री. गोलू पप्पू अमुक, सौ. परी गोलू अमुक. विनीत: श्री. किट्टू, ॲड. पिहू, डॉ. छकुली आणि समस्त आप्तेष्ट. मंगलाचरण, मुहूर्त, स्थळ, सगळं रीतसर. भोजनात शेंगापोळी. आणि खाली, बारीक टायपात, किलबिल: विश्वनाथ, धोंडोपंत, सरस्वती, मल्लप्पा. ‘आमच्या चिकूआजोबांच्या साठीशांतीला यायचं हं!’